मदत हवी आहे : नव्या सुपरकारचे नाव आणि वेग उद्यापर्यंत हवा आहे

राजवाडा_इंदूर (११ जून २०२४, सकाळी ९.१०)
नमस्कार. शनिवारी आमच्या वाचनालयाच्या युवा शाखेत माझे सुपरकारवर व्याख्यान आहे आणि त्याचे माहितीपत्रक उद्या सायंकाळी छापखान्यात द्यायचे आहे. या वर्षी येणाऱ्या नव्या गाडीचे नाव, शून्यापासून शंभरपर्यंत पोहोचण्याचा वेळ आणि कमाल वेग असे तीन तपशील त्यात छापायचे आहेत. परंतु चार दिवस शोधूनही प्रत्येक ठिकाणी निराळेच आकडे मिळत आहेत. ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया नेमके उत्तर द्यावे. 'वाट पाहा' हा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही.

दांडियाबाजार_वडोदरा (सकाळी ९.३२)
कोणती गाडी, हे आपण लिहिलेलेच नाही. तरीही आपल्याला 'लाफेरारी'ची वारसदार अभिप्रेत असावी असे धरून सांगतो. सध्या तिला एफ२५० म्हणतात, पण ते केवळ अंतर्गत सांकेतिक नाव आहे. ते छापू नका. फेरारीच्या नावांत बहुधा काहीतरी हिशेब असतो. १९८७ ची एफ४० कंपनीच्या चाळिसाव्या वर्षाची होती, तर २९६ म्हणजे २.९ लिटर आणि सहा सिलिंडर. त्यामुळे नव्या नावातही एखादा आकडा असेल, असे माझे ठाम मत आहे.

राजवाडा_इंदूर (सकाळी ९.४०)
फेरारीचा प्रश्नच नाही. मी हुराकानच्या जागी येणाऱ्या गाडीविषयी विचारत आहे. तिचे नाव 'हुराकान २' असेल का?

फुलबाग_ग्वाल्हेर (सकाळी १०.१५)
म्हणजे लॅम्बोर्गिनी. हे पहिल्याच वाक्यात आले असते तर बरे झाले असते. 'हुराकान २' होणे मला अशक्य वाटते, कारण ही कंपनी पुढच्या पिढीला जुने नाव देत नाही. गायार्दोनंतर हुराकान आली आणि आव्हेंतादोरनंतर रेवुएल्तो. मुर्सिएलागो, हुराकान आणि रेवुएल्तो ही नावे झुंजीच्या बैलांची आहेत. त्यांपैकी मुर्सिएलागोची आख्यायिका अशी सांगतात की १८७९ मध्ये कोर्दोबाच्या रिंगणात चोवीस वार झेलूनही तो उभा राहिला, म्हणून त्याला जीवदान मिळाले. म्हणून नवे नावही बैलाचे असणार, असे समजायला हरकत नाही. 'टेमेरारिओ' हे नाव कंपनीने नोंदणीसाठी दिल्याचे माझ्या वाचनात आले आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ दुःसाहसी असा होतो. मात्र नाव नोंदवले म्हणजे ते गाडीला दिलेच, असे होत नाही.

दांडियाबाजार_वडोदरा (सकाळी १०.२८)
बैलांचा नियम इतका पक्का नाही. काउंताश हा पिएमाँत भागातला विस्मयाचा उद्गार आहे. तो बैल नव्हे. शिवाय स्पॅनिशमध्ये 'एच' उच्चारत नाहीत, त्यामुळे पत्रकात 'उराकान' असे छापावे.

राजवाडा_इंदूर (सकाळी १०.३५)
उच्चार मी पाहून घेईन. वेगाचे कोणी सांगेल का?

रामबाग_इंदूर (दुपारी १२.०५)
वेगाआधी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. दहा सिलिंडरचे ५.२ लिटरचे इंजिन जाऊन त्याच्या जागी टर्बो असलेले आठ सिलिंडरचे इंजिन येणार, ही फार मोठी हानी आहे. टर्बो नसलेल्या त्या इंजिनाचा चढत जाणारा स्वर ज्याने एकदा ऐकला, त्याला आकड्यांत रस उरत नाही. आपल्या व्याख्यानात या इंजिनाला किमान पाच मिनिटे अवश्य द्यावीत.

फुलबाग_ग्वाल्हेर (दुपारी १२.४०)
रामबागकर, आपली भावना मी समजू शकतो, पण नव्या इंजिनाला कमी लेखू नये. कंपनीने गेल्या महिन्यात त्याची माहिती स्वतःच प्रसिद्ध केली आहे. ते ४.० लिटरचे, दोन टर्बोंचे इंजिन असून मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत जाते, एकटे ८०० अश्वशक्ती देते आणि सोबतच्या तीन इलेक्ट्रिक मोटरींसह एकूण शक्ती ९०० च्या वर जाते. टर्बो असताना इतके फेरे घेता यावेत म्हणून त्यात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड वापरले आहेत. रस्त्यावरच्या गाडीच्या टर्बो इंजिनात १०,००० फेरे ही असाधारण गोष्ट आहे, त्यामुळे स्वर जाईलच असे आताच म्हणू नये.

आता मूळ प्रश्न. हुराकानच्या 'ईव्हो' आवृत्तीची शक्ती ६४० अश्वशक्ती आणि शंभरपर्यंतचा वेळ २.९ सेकंद. रेवुएल्तोची शक्ती १०१५ आणि वेळ २.५ सेकंद. नवी गाडी या दोहोंच्या मध्ये बसेल. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, गुरुत्वाकर्षणाइतके त्वरण (वेगवाढीचा दर) सरासरीने टिकवले तर तिथे पोहोचायला २.८३ सेकंद लागतात. त्याखाली जाण्यासाठी शक्तीपेक्षा टायरची पकड महत्त्वाची ठरते, आणि म्हणूनच दीडपट शक्ती देऊनही वेळेत फरक थोडाच पडतो. २.७ च्या आसपास धरावे.

कमाल वेगासाठी लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ईव्हो ६४० अश्वशक्तीवर ताशी ३२५ गाठते. ८०० अश्वशक्तीवर तोच हिशेब सुमारे ३५० येतो. या गणितात मी मोटरी धरलेल्या नाहीत, कारण इतक्या वेगाला त्यांचा हातभार कितपत टिकेल याची मला खात्री नाही.

पीथमपूर_रहिवासी (दुपारी २.२०)
कागदावरच्या गणितापेक्षा प्रत्यक्ष मोजणी महत्त्वाची आहे. आपल्याच पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटर लांबीचा आणि १६ मीटर रुंदीचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ पासून सुरू आहे आणि त्याची वळणे ताशी ३७५ किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बांधलेली आहेत. इंदूरमध्ये राहणाऱ्याने सुपरकारवर बोलावे आणि आशियातल्या या सर्वांत लांब ट्रॅकचा उल्लेखही करू नये, हे मला पटत नाही. पत्रकावर त्याचे छायाचित्र छापा.

स्नेहलतागंज (दुपारी ३.०५)
गाडी विकत घेण्याचा विचार असल्यास आयात शुल्कच सुमारे शंभर टक्के पडते. जुन्या गाडीची 'टेक्निका' ही आवृत्ती २०२२ मध्ये भारतात ४.०४ कोटी रुपयांना आली होती, तेव्हा नवी त्याहून बरीच महाग असेल.

राजवाडा_इंदूर (दुपारी ३.३०)
गाडी घ्यायची नाही. फक्त पत्रक छापायचे आहे. फुलबागकर, ३५० छापू का?

फुलबाग_ग्वाल्हेर (दुपारी ३.५२)
छापू नका. मोठ्या रेवुएल्तोचाच वेग '३५० पेक्षा अधिक' असा जाहीर झालेला आहे, तिच्या धाकट्या बहिणीला कंपनी तिच्या बरोबरीने धावू देईल असे वाटत नाही. गाडी जमिनीला धरून ठेवण्यासाठी हवेचा दाब वाढवला तर वेग आणखी घटतो. 'ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास, अंदाजे' असे छापा आणि 'अंदाजे' हा शब्द कोणत्याही परिस्थितीत गाळू नका.

राजवाडा_इंदूर (१२ जून, सायंकाळी ५.१५)
पत्रक छापखान्यात दिले. नावाच्या जागी 'अद्याप जाहीर नाही, टेमेरारिओ असण्याची शक्यता' असे घातले, दोन्ही आकड्यांपुढे 'अंदाजे' लिहिले आणि मागील बाजूस पीथमपूरच्या ट्रॅकवर एक परिच्छेद जोडला. सर्वांचे आभार.

राजवाडा_इंदूर (१७ ऑगस्ट २०२४, सकाळी ७.४०)
काल कॅलिफोर्नियात गाडीचे अनावरण झाले. नाव टेमेरारिओच आहे आणि ते १८७५ च्या एका बैलाचे आहे. शक्ती ९२०, वेळ २.७ सेकंद, वेग ताशी ३४३ किलोमीटर. फुलबागकर, व्याख्यानाला आलेली मुले आता मला विचारत आहेत की गणितात ३५० आले असताना ३४३ कसे झाले. काय सांगू?

फुलबाग_ग्वाल्हेर (सकाळी ८.२५)
त्यांना सांगा की घनाचा तो हिशेब नव्या गाडीचा आकार जुन्या गाडीसारखाच आहे असे गृहीत धरून केला होता. हवा कापण्याचा विरोध सहा-सात टक्क्यांनी वाढला तरी तेवढ्याच शक्तीवर ३५० चे ३४३ होतात. हे गणित मुलांना स्वतः करायला द्या; घनमूळ त्यांना नक्की काढता येईल.