पश्चिमेच्या खिडक्या बंद धरून बघा
खोलीत हवा कशी खेळते हे संगणकावर मॉडेल करून बघावं का, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ‘बेळगावच्या हवेत खिडक्या उघडल्या की झालं, संगणकावर मॉडेल कशाला’. ते उन्हाळ्यापुरतं मान्य. पण जून ते सप्टेंबर काय? खानापूरकडे तर पाऊस पश्चिमेकडून तिरका घरात शिरतो, त्या बाजूच्या खिडक्या कोण उघड्या ठेवणार? नेमका वाराही तिकडूनच. तेव्हा मॉडेल करायचंच तर त्या खिडक्या बंद धरूनही चालवायला हवं.

आणि इथं सगळे ‘हवा किती आली’ यावरच बोलतायत. ती आत कशी फिरली, हे सीएफडी, म्हणजे प्रवाहाचं संगणकावर केलेलं गणित, दाखवतं. खरा उपयोग तिथं. एक्झॉस्ट फॅनशेजारचीच खिडकी उघडी असली तर ताजी हवा आली तशी बाहेर जाते, आणि पलीकडच्या कोपऱ्यातली मंडळी तीच शिळी हवा घेत बसतात. मॉडेलमधून ‘हवेचं वय’ काढता येतं, म्हणजे त्या जागची हवा खोलीत येऊन सरासरी किती वेळ झाला ते. छताचा पंखा हवा ढवळतो, नवी आणत नाही. व्हीटीयूच्या (बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) प्रोजेक्टवाल्या मुलांनी एक करावं, खोली रिकामी धरू नये. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, त्यातली निम्म्याहून जास्त भोवतालची हवा आणि भिंती तापवते. ४० जणांचा वर्ग भरला की प्रवाहाचं चित्रच बदलतं. ओपनफोम हे सीएफडीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्रवाहाची दिशा पडताळायला उदबत्ती पुरे, आकडे हवे असतील तर कार्बन डायऑक्साइड मीटर लागेल.