केइको हे नाव कोणत्या कांजीत लिहायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या जपानीच्या सेन्सेइ (शिक्षिका) पुढच्या आठवड्यात मायदेशी परत जातायत. निरोपाच्या कार्डावर त्यांचं नाव कांजीत, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थवाहक अक्षरांत, लिहायचं ठरलंय आणि तिथेच गाडी अडलीये. नाव केइको. फळ्यावर त्यांनी ते नेहमी कातकानातच (फक्त उच्चार दाखवणाऱ्या लिपीत) लिहिलं, आम्हीही कधी विचारलं नाही!

शोधलं तर ‘केइ’साठी ढीगभर अक्षरं निघाली. एकाचा अर्थ कृपा, एकाचा आनंदसोहळा, एकाचा आदर. उच्चार तोच, नाव मात्र वेगळं. म्हणजे आपल्याकडे दिनेश आणि दीनेश यांत एका वेलांटीने अर्थ फिरतो, तसंच. फक्त इथे कानाला फरकच कळत नाही.

‘को’ बहुधा ‘मूल’ या अर्थाच्या कांजीचा. त्याची गंमत अशी की हे अक्षर पूर्वी पुरुषांच्या नावातही असायचं. इ.स. 607 मध्ये चीनच्या सुइ दरबारी गेलेला राजदूत ओनो नो इमोको हा चक्क पुरुष. पुढे ‘को’ राजघराण्यातल्या आणि दरबारी स्त्रियांचा झाला आणि मेइजी काळापासून (1868–1912) हळूहळू घराघरात पोचला. आता नव्या मुलींच्या नावांत तो कमीच दिसतो म्हणे.

तर जाणकारांनो, अंदाजाने कांजी लिहिली आणि चुकली तर त्यांना वाईट वाटेल का? सरळ हिरागानात (उच्चार दाखवणाऱ्या दुसऱ्या लिपीत) लिहिलं तर पोरकट दिसेल? की ‘कोणती कांजी’ असं त्यांनाच विचारावं? कार्डाचं गुपित न फोडता कसं विचारायचं, तेही सुचवा. शुक्रवारपर्यंत कळलं तर बरं होईल.