हत्तीरोगावर नवे औषध का निघत नाही?

पूर्वभागकर:
सोलापुरात हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई घरी येऊन गोळ्या देतात आणि त्यांच्यासमोरच घ्यायला लावतात. त्यांपैकी डीईसी ही गोळी १९४७ पासून वापरात असल्याचे वाचले. पाऊणशे वर्षांत याहून चांगले औषध का निघू नये? कंपन्यांना रस नाही, एवढेच कारण आहे का? घरी आजीचा पाय सुजलेला आहे, म्हणून विचारतो.

औषधशास्त्राचा शिक्षक:
रस नाही, हे खरेच आहे. १९७५ ते १९९९ या काळात जगात १,३९३ नवी औषधे बाजारात आली. उष्णकटिबंधीय रोग आणि क्षयरोग यांच्या वाट्याला त्यांतली अवघी १६ आली. मला अधिक बोचते ते वेगळेच. गरिबांच्या रोगांवर जी औषधे मिळाली, त्यांतली बरीचशी मुळात दुसऱ्याच कोणासाठी शोधलेली होती. जंतांवरचे आयव्हरमेक्टिन आधी गुराढोरांना मिळाले, माणसांना १९८७ मध्ये; काळा आजारावरचे मिल्टेफोसिन कर्करोगासाठी तयार झाले होते. आफ्रिकेतील निद्रारोगावरच्या एफ्लोर्निथिनचे उत्पादन तर नफा नाही म्हणून १९९० च्या दशकात थांबले होते, आणि त्याच द्रव्याचे चेहऱ्यावरील नकोसे केस रोखणारे मलम अमेरिकेत मंजूर झाल्यावर, २००१ मध्ये, ते रुग्णांसाठी पुन्हा मिळू लागले.

निवृत्त आरोग्यसेवक:
हत्तीरोगाची अडचण थोडी निराळी आहे. या गोळ्या रक्तातील सूक्ष्म कृमी, म्हणजे प्रौढ कृमींची पिल्ले, मारतात; परंतु लसिकावाहिन्यांतले (शरीरातील पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांतले) प्रौढ कृमी बऱ्याच अंशी वाचतात व वर्षानुवर्षे जगून नवी पिल्ले घालत राहतात. म्हणून मोहीम पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, आणि ‘मला कुठे काय झाले आहे?’ असे म्हणून धडधाकट माणूस गोळी टाळतो. वास्तविक जंतू बाळगणाऱ्या अनेकांना काहीच त्रास नसतो. प्रौढ कृमींना एका मात्रेत संपवणारे सुरक्षित औषध हवे आहे.
आजींची जुनी सूज गोळीने ओसरणार नाही. पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करावा आणि बसताना उंच ठेवावा. चिरा पडल्यास लगेच दाखवावे.

पूर्वभागकर:
आभारी आहे. मग असे औषध कोणी शोधत आहे का?

औषधशास्त्राचा शिक्षक:
होय. दुर्लक्षित रोगांवरील औषधांसाठी २००३ मध्ये डीएनडीआय ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत आपली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदही आहे. निद्रारोगावर तोंडाने घेण्याचे फेक्सिनिडाझोल तिच्याच प्रयत्नातून आले. हत्तीरोगाच्याच कुळातील नदीअंधत्वाच्या प्रौढ कृमींसाठी ती एमोडेप्साइड तपासत आहे. तेही मुळात मांजरांच्या जंतांवरचे औषध आहे.