सी विंगमधला धूर आणि आपापले मायक्रोवेव्ह

शिंदे (सेक्रेटरी, ए-१०२): नमस्कार मंडळी. संध्याकाळी सी विंगच्या सहाव्या मजल्यावरून धूर येताना दिसला म्हणून बरेच जण जिन्यात धावले. सगळे सुखरूप आहेत, फायर ब्रिगेडला बोलवायची वेळ आली नाही. किसलेलं सुकं खोबरं भाजायला मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं होतं, त्याने आतच पेट घेतला. घरातल्यांनी दार न उघडता भिंतीवरचं बटण बंद केलं, त्यामुळे आग आतल्या आत विझली. आता ही वस्तू जवळजवळ प्रत्येक घरात आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी इथे लिहावं. फॉरवर्ड नकोत, स्वतःला ठाऊक आहे तेवढंच लिहा.

परब काकू (बी-२०३): देवानेच राखलं. मी तर कधीची सांगतेय, ते यंत्र घरात नको. त्या लहरी अन्नात शिरतात आणि मग आपल्या पोटात जातात म्हणे. सून ऐकत नाही. तिला ८ च्या आत डबा भरून स्टेशन गाठायचं असतं.

वैशाली (बी-४०१): काकू, लहरी अन्नात राहत नाहीत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच ते. ओव्हन बंद झाला त्या क्षणी आत लहर शिल्लक नसते, उरते ती फक्त उष्णता. या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे रेडिओच्याच कुळातल्या. एक्स-रेसारखी पेशींना इजा करायची ताकद त्यांच्यात नसते. अन्नातल्या पाण्याचे रेणू त्यांच्यामुळे जोरात हलतात आणि त्यातून अन्न तापतं, एवढंच होतं. अन्न किरणोत्सारी वगैरे होत नाही. उलट भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर त्याबरोबर जीवनसत्त्वं जास्त जातात.

वैशाली (बी-४०१): मला कळकळीने सांगायचंय ते वेगळंच आहे. आपण सगळे लहरींना घाबरतो आणि ज्याने खरोखर भाजतं, पेटतं, शॉक बसतो त्याकडे पाहत नाही. आज जे झालं ते साध्या उष्णतेने झालं.

ओल्या पदार्थात पाणी असतं. पाणी १०० अंशाला उकळून वाफ होतं, तोवर तापमान फारसं वर चढत नाही. वरण, भात, भाजी म्हणूनच सहसा पेटत नाही. सुक्या खोबऱ्यात पाणी नावाला आणि तेल भरपूर. तेल १०० अंशाच्या कितीतरी पुढे तापू शकतं. आत लहरी सगळीकडे सारख्या पडत नाहीत, त्यामुळे ढिगाच्या मधोमध एखादी जागा आधी करपते. आणि करपलेला काळा भाग लहरी जास्तच शोषून घेतो. म्हणजे एकदा करपायला लागलं की ते आपोआप वेग घेतं. वरून खोबरं पांढरंशुभ्र दिसत असतं आणि आत निखारा झालेला असतो. वासावरून कळेपर्यंत उशीर होतो.

परब काकू (बी-२०३): मग सुका जवळा? आमच्याकडे भाजतात त्यात. तव्यावर भाजला की वास घरभर राहतो म्हणून.

वैशाली (बी-४०१): तोच प्रकार, काकू. जवळा, सुके बोंबील, शेंगदाणे, पापड, कढीपत्ता, सुक्या मिरच्या, सगळं कोरडं. पूर्ण मनाई नाही, पण थोडंसंच, पसरून, तीस-चाळीस सेकंदांनी दार उघडून हलवायचं आणि तिथेच उभं राहायचं. पापड एकेकच. सुक्या मिरच्या मात्र कृपा करून तव्यावरच भाजा, खिडकी उघडी ठेवून. बंद ओव्हनमध्ये त्यांचा ठसका साठतो आणि दार उघडताच सरळ तोंडावर येतो. पावसाळ्यात मोजे, रुमाल, भांड्याचा स्पंज त्यात वाळवायचा तर विचारसुद्धा करू नका. कोरडा स्पंज पटकन पेटतो.

कदम काका (ए-३०४): वैशाली म्हणते ते खरंय. माझं आयुष्य ही मशिनं उघडण्यात गेलं, आता माझंही ऐका. सी विंगवाल्यांनी दार उघडलं नाही हे सगळ्यात शहाणपणाचं केलं. आत आग दिसली की माणूस पहिलं दार उघडायला जातो. उघडलं की हवा आत जाते आणि ज्वाळा तोंडावर. दार बंदच ठेवायचं, भिंतीवरचा स्विच बंद करायचा. स्विचपर्यंत हात पोचत नसेल तर मेन स्विच पाडायचा. हवा संपली की आतली आग स्वतः मरते. पाणी मारायचं नाही. विझत नसेल, आग बाहेर आली असेल तर सामान बघत बसू नका, घरातल्यांना घेऊन जिन्याने खाली या आणि १०१ लावा. लिफ्टने उतरायचं नाही.

शिंदे (सेक्रेटरी, ए-१०२): काका, हा मेसेज मी नोटीस बोर्डावरही लावतो.

कदम काका (ए-३०४): लावा. आणि वायरिंगचंही लिहा. आपली बिल्डिंग जुनी, किचनमध्ये बऱ्याच घरांत अजून ६ अँपिअरचेच पॉइंट आहेत. कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेने भाजणारा ओव्हन २००० वॅटच्या पुढे जातो. २३० व्होल्टला हिशेब करा, साडेआठ अँपिअरच्या वर झाले. ६ च्या पॉइंटवर ओव्हन चालतो, पण तो पॉइंट रोज थोडा थोडा आतून जळत असतो. पिन काढल्यावर हाताला गरम लागली किंवा सॉकेट पिवळं पडलं असेल तर समजा. साध्या ओव्हनवर ८०० वॅट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारं, भिंतीतून तो हजार-बाराशेच्या पुढेच ओढतो. म्हणून मोठा १६ चा पॉइंट, त्याला बोर्डापासून वेगळी वायर आणि अर्थिंग पक्कं. लोक अजून १५ चा पॉइंट म्हणतात, तोच. एक्स्टेंशन बोर्डावर फ्रिज, मिक्सर आणि हा, असं तर मुळीच नको. तीन पिनची पिन दोन पिनच्या बोर्डात बसवायला कुणी अर्थिंगची पिन कापली असेल, तर शॉक बसायचाच.

रोहन (सी-२०१): काका, आमच्याकडे मायक्रोवेव्ह लावला की वायफाय बंद पडतं. म्हणजे लीक होतोय ना? मोबाइल आत ठेवून पाहिला, दार बंद असताना रिंग वाजते. व्हिडिओत सांगतात की वाजली तर ओव्हन खराब.

वैशाली (बी-४०१): रोहन, मोबाइलची चाचणी सोडून दे. मोबाइल अत्यंत क्षीण सिग्नलवरही चालतो. दाराची जाळी ओव्हनच्या लहरी अडवायला केलेली असते, मोबाइलचा प्रत्येक सिग्नल पुसून टाकायला नव्हे. आणि चुकून कुणी आत मोबाइल असताना ओव्हन सुरू केला तर बॅटरी पेटेल.

वायफायचं असं आहे की तेही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतं. राउटरची ताकद असते साधारण दहावा भाग वॅट, आणि ओव्हनमध्ये ८०० वॅट. त्यातला कणभर जरी बाहेर आला तरी राउटरचा आवाज त्यात बुडतो. माणसाला त्याने काही होत नाही. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याची मर्यादा आहे, ओव्हनपासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट, तीही ओव्हनच्या पूर्ण आयुष्यासाठी. अर्धा मीटर मागे सरकलं की ते साधारण शंभराव्या भागावर येतं. तू राउटर ५ गिगाहर्ट्झवर लाव, प्रश्न मिटेल.

कदम काका (ए-३०४): लीकची खरी खूण दारात बघायची. दार वाकडं झालंय, बिजागरी ढिली आहे, लॅच तुटलाय, काच तडकलीय, कडेला गंज चढलाय, तर त्या दिवसापासून वापर बंद. दाराला आत सहसा तीन स्विच असतात, दार उघडलं की लहरी तिथल्या तिथे थांबतात. दार उघडूनही आतला आवाज चालूच राहिला तर लगेच पिन काढा. मुलं दाराला लोंबकळतात, त्यांना आवरा.

आणि कुणी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडायला बसू नका. पिन काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज राहतो, दोन हजार व्होल्टच्या वरचा. अंगावर आला तर जीव जातो. नाक्यावरच्या पोरालाही उघडायला देऊ नका, कंपनीचा माणूस बोलवा.

स्नेहा (ए-५०१): वैशालीताई, बाळाचं दूध बाटलीत गरम केलं तर चालतं का? रात्री खूप सोयीचं पडतं. बाटलीवर मायक्रोवेव्ह सेफ लिहिलंय.

वैशाली (बी-४०१): नको स्नेहा, अजिबात नको. बाटली सेफ असेल, दूध नसतं. बाहेरून बाटली कोमट लागते आणि आत एखादा घोट कढत असतो. बाळाची जीभ, घसा भाजतो आणि ते सांगू शकत नाही. गरम पाण्याच्या वाडग्यात बाटली ठेव, तीन-चार मिनिटं लागतील, मग हलवून मनगटावर थेंब टाकून बघ. झोप मोडते, मला कळतं, पण इथे सवलत घेऊ नकोस. मोठ्यांच्या जेवणालाही हेच. मध्ये एकदा ढवळायचं, बाहेर काढल्यावर मिनिटभर थांबायचं, तेवढ्यात उष्णता आतपर्यंत पसरते. कालचं चिकन किंवा मासे असतील तर मधोमध वाफ निघेपर्यंत गरम व्हायला हवेत, नुसत्या कडा नकोत.

नेने आजी (बी-१०१): भाताचं सांगशील का गं? सकाळचा भात मी रात्री त्यात गरम करते.

वैशाली (बी-४०१): आजी, सकाळी उरलेला भात तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला असेल तर खुशाल करा, वर पाण्याचा हबका मारून. ओट्यावर दिवसभर राहिला असेल तर टाकून द्या. मुंबईच्या उकाड्यात त्यात एक जिवाणू वाढतो, त्याचं विष गरम करूनही जात नाही. जीव तुटतो अन्न टाकताना, पण तुमच्या आणि आजोबांच्या वयाला ते सोसणार नाही.

नेने आजी (बी-१०१): बरं. आणि आमच्या ह्यांना पेसमेकर आहे. ते किचनमध्ये आले की मी ओव्हन बंद करते.

वैशाली (बी-४०१): हल्लीच्या पेसमेकरना बाहेरच्या लहरींपासून संरक्षण असतं. दार धड असलेला ओव्हन घरात चालायला सहसा हरकत नसते, फक्त चालू असताना अगदी छातीशी टेकून उभं राहू नये. तरी पुढच्या तपासणीला त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा, त्यांचा शब्द शेवटचा.

आजी, तुमच्याकडे ओव्हन फ्रिजवर ठेवलाय ना? मला त्याची जास्त काळजी वाटते. डोक्याच्या उंचीवरून गरम आमटीचं वाडगं काढायचं म्हणजे हात थरथरला तर सगळं अंगावर. ओट्यावर जागा नसेल तर शिंदे काकांना सांगून कमरेच्या उंचीला शेल्फ करून घेऊ. मी येते बघायला.

रोहन (सी-२०१): ताई, स्टीलचा डबा? ऑफिसात एकाने ठेवला, काहीच झालं नाही.

वैशाली (बी-४०१): एखाद्या वेळी होत नाही, म्हणून सवय लागते. लहरी धातूवरून परततात, त्यामुळे बंद डब्यातलं अन्न तापतच नाही, आणि डबा भिंतीजवळ आला किंवा त्याला टोकदार कडा असली की ठिणग्या पडतात. ॲल्युमिनियमची फॉइल, सोनेरी काठाच्या बश्या, टी-बॅगची पिन, सगळं बाहेर. कन्व्हेक्शनबरोबर आलेली लोखंडी जाळी पुस्तकात सांगितलेल्या मोडलाच वापरायची.

प्लास्टिकचं म्हणशील तर हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबे आणि थर्माकोल नको. तेलकट रस्सा पाण्यापेक्षा खूप जास्त तापतो आणि डबा वितळवतो. मेलामाइनच्या प्लेटा दिसायला छान, पण त्या स्वतःच तापून तडकतात आणि त्यातलं रसायन अन्नात उतरतं. काच किंवा साधी चिनी माती सगळ्यात बरी. शंका असेल तर ते रिकामं भांडं आणि शेजारी काचेच्या ग्लासात पाणी, असं मिनिटभर लाव. पाणी गार आणि भांडं गरम निघालं तर ते भांडं बाद.

परब काकू (बी-२०३): आणि अंडं फुटतं ते? सुनेने उकडलेलं गरम केलं तर बंदुकीसारखा आवाज झाला.

वैशाली (बी-४०१): आत वाफ कोंडते, काकू. सोललेलं असलं तरी फुटतं, कधी कधी बाहेर काढून दात लावल्यावर. कापूनच गरम करायचं. वांगं, बटाटा असेल तर काट्याने टोचायचं, झाकण घट्ट लावायचं नाही.

चहा-कॉफीवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. गुळगुळीत कपात नुसतं पाणी जास्त वेळ तापवलं तर ते १०० अंशाच्या वर जाऊनही बुडबुडे येत नाहीत, शांत दिसतं. त्यात कॉफी किंवा साखर टाकली की सगळं एकदम उसळून हातावर, चेहऱ्यावर येतं. पाणी तापवताना त्यात लाकडी चमचा ठेवा, आणि गरम झाल्यावर अर्धा मिनिट हात लावू नका. तेच पाणी पुन्हा तापवू नका.

कदम काका (ए-३०४): साफसफाईचं राहिलं. आत उजव्या भिंतीला पुठ्ठ्यासारखी पातळ मायका शीट असते. तिच्यावर मसाल्याचे शिंतोडे बसून वाळले की तिथेच ठिणगी पडते आणि शीट जळते. रोज ओल्या फडक्याने पुसा. भोक पडलं असेल तर शीट बदलून घ्या, स्वस्त असते, पण तशीच चालवली तर मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, जातो. रिकामा ओव्हनही चालवायचा नाही. वर क्रोशाचं कव्हर, बिस्किटांचे डबे, कॅलेंडरं ठेवता ना? काढा. गरम हवा बाहेर पडायला जागा लागते. आणि आपल्याकडे झुरळं उबेला बटणांच्या पॅनेलमध्ये शिरतात, शॉर्ट होतो. किचन रात्री कोरडं ठेवा.

शिंदे (सेक्रेटरी, ए-१०२): फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. रविवारी सकाळी १० वाजता लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलवतो. ज्यांना किचनचा पॉइंट आणि अर्थिंग तपासून घ्यायचंय त्यांनी फ्लॅट नंबर खाली टाका. कदम काका, तुम्ही बरोबर राहाल का?

कदम काका (ए-३०४): राहतो की. बी-१०१ पासून सुरुवात करू, आजींचं आधी.

परब काकू (बी-२०३): बी-२०३ लिहा. सून म्हणते १६ चा पॉइंट करूनच घेऊ.

रोहन (सी-२०१): सी-२०१. आमचा एक्स्टेंशनवर आहे, आजच काढतो.

स्नेहा (ए-५०१): ए-५०१ पण.