मदत हवी आहे: बेघर, अपंग माजी सैनिक, डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) हरवलंय

कोल्हापुरातल्या बेघर निवारा केंद्रात ६८ वर्षांचे एक माजी सैनिक आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीत आठ वर्षं, १९८५ साली मेडिकलवर बोर्ड आऊट, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून कमी केलं. डावा पाय गुडघ्याखाली नाही. पेन्शन नाही. आर्मी नंबर मात्र तोंडपाठ. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात सोय होईल का?

प्रतिसाद १
खडकीचा नाद सोडा. तिथे मणक्याच्या दुखापतीने लुळे पडलेल्यांना घेतात. पायासाठी पुण्यातलंच आर्टिफिशियल लिंब सेंटर बघा.

नंबर आठवतोय ना, मग निम्मं काम झालं. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा आणि त्यांच्यामार्फतच मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. परस्पर पाठवलेली पत्रं पडून राहतात. सोबत पोलिसांतली हरवल्याची नोंद, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, हुद्दा, भरतीचं आणि डिस्चार्जचं वर्ष, शेवटची बटालियन.

घोडं अडतं ते पुढे. पेन्शन नसलेल्यांची सेवेची कागदपत्रं डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट करतात. नुसतं ‘डुप्लिकेट डिस्चार्ज बुक द्या’ लिहिलंत, तर ‘रेकॉर्ड नष्ट’ असं एका ओळीचं उत्तर येईल. लाँग रोल, म्हणजे प्रत्येक सैनिकाची थोडक्यात नोंद असलेलं रजिस्टर, मात्र कायम जपतात. त्यातल्या नोंदीचा दाखला मागा, आणि डिस्चार्जचं कारण त्यात यावं असं अर्जातच लिहा. पुढचं सगळं त्या कारणावर ठरतं.

प्रतिसाद २
दाखला आला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून माजी सैनिकाचं ओळखपत्र, मग केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर पेन्युरी ग्रँटचा (हलाखीतल्यांसाठीच्या मासिक मदतीचा) अर्ज. पेन्शन नसलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरच्यांसाठी ती आहे. नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना महिना ४,०००ऐवजी ८,००० रुपये. बँक खातं चालू आहे का ते आधी तपासा, वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद पडलेलं असतं.

मूळ प्रश्नकर्ता
आभार! आधारवर पत्ता जुना आहे, जन्मतारीख सरसकट टाकतात तशी १ जून.

प्रतिसाद २
पत्त्यासाठी मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचा आधारच्या ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. तारखेची घाई नको. लाँग रोलमधली तारीख कळू द्या, मग आधार तिच्याशी जुळवा. उलट केलंत तर दोनदा हेलपाटे.

प्रतिसाद ३
अपंगत्व पेन्शनही सोडू नका. तिला किमान सेवेची अट नाही. अपंगत्व किमान २० टक्के हवं आणि ते लष्करी सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं. पाय ड्युटीवर गेला की सुट्टीत, हे त्यांना नीट विचारा. त्या वेळचं मेडिकल बोर्डाचं किंवा मिलिटरी हॉस्पिटलचं एखादं चिटोरं मिळालं तरी सोनं. दावा नाकारला तर आधी अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. थकबाकी सहसा अर्जाआधीच्या तीनच वर्षांची देतात, १९८५पासूनची आशा त्यांना दाखवू नका. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळतो, अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही.

आणि पेन्शन सुरू झाली की पेन्युरी ग्रँट बंद होते, ते कळवायला विसरू नका, नाहीतर वसुली निघते.