मदत हवी आहे: ताईचे पैसे दोन महिने आले नाहीत, मशीनचा हप्ता बाऊन्स

चाकणची_सेकंड_शिफ्ट
नमस्कार. ताईचे पैसे दोन महिने आले नाहीत. त्याआधी दर महिन्याला सुरळीत यायचे. बँकेत दोनदा जाऊन आली. तिथल्या मॅडम म्हणतात आधार लिंक आहे, आमच्याकडून काही अडचण नाही. अंगणवाडीतल्या ताई म्हणतात वरूनच थांबलं असेल. इकडे पाच तारखेला शिलाई मशीनचा १४५० चा हप्ता कापतात, तो दोन्ही वेळा बाऊन्स झाला. फायनान्सवाल्याचा पोरगा रोज फोन करायचा, काल दारात येऊन उभा राहिला. मला सुट्टी मिळत नाहीये. कुणाला अनुभव असेल तर पटकन सांगा. "वाट बघा" एवढं सांगू नका, ते ऐकून कान किटलेत.

निवांत_बसलो
पैसे कसले? पगार, पेन्शन, की कुणाकडे अडकलेली उधारी?

पाटाचं_पाणी
पीएम किसान असणार. लँड सीडिंगपुढे 'नो' दाखवत असेल. सातबारा आणि आधार घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात जा. आमचं सहा महिने असंच लटकलं होतं. पोर्टलवर एक दाखवायचं, कार्यालयात दुसरं, शेवटी मीच...

निवांत_बसलो
@पाटाचं_पाणी, अहो पीएम किसान चार महिन्यांनी येतं. ते म्हणतायत दर महिन्याला.

चाकणची_सेकंड_शिफ्ट
लाडकी बहीण हो. १५०० दुसरं काय असतं?

निवांत_बसलो
१५०० हा आकडा तुम्ही आत्ता लिहिलात.

गोधडी
ई-केवायसी झाली का? सप्टेंबर २०२५ मध्ये सक्तीची केली. बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. आमच्या बचत गटातल्या दोघींची तिथेच अडली होती. एकीचा नवरा वारलेला, वडीलही नाहीत. ओटीपी आणायचा कुणाचा?

चाकणची_सेकंड_शिफ्ट
केवायसी केली. सेवा केंद्रात जाऊन केली, मेसेज पण आला. दाजींचा ओटीपी लागला, तो मिळाला.

निवृत्त_रोखपाल
धागाकर्ते, पुढच्या प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय कुणालाही काही सांगता येणार नाही. वय किती? शेतजमीन कुणाच्या नावावर? दुसऱ्या सरकारी योजनेतून काही येतं का? घरात चारचाकी आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, मागच्या वर्षभरात ताईंनी दुसरं कुठलं खातं उघडलंय का? अगदी दुकानात अंगठा देऊन उघडलेलं सुद्धा.

चाकणची_सेकंड_शिफ्ट
वय ३४. जमीन दाजींच्या वडिलांच्या नावावर, दीड एकर. दुसरी योजना नाही. चारचाकी कुठली, दाजींची जुनी मोटारसायकल आहे. खातं एकच. बार्शीत.

करदाता_क्र_१
राग मानू नका, पण सरकारी पैशावर मशीनचा हप्ता बांधणं हेच मुळात चुकलंय. फुकटचा पैसा कधी येईल, कधी बंद होईल, सांगता येत नाही. आमच्या पगारातून कर कापून हे वाटप चालतं आणि लोक त्यावर कर्ज काढतात. त्यापेक्षा ते पैसे रस्त्यावर, शाळांवर खर्च केले असते तर चार पिढ्यांना पुरले असते.

गोधडी
दादा, तिने टीव्ही नाही घेतला, मशीन घेतलंय. तेही स्वतः कमवायला.

आकडेवेडा
@करदाता_क्र_१, गरिबाच्या हातात पैसे दिले की तो उडवतो, हे गृहीतक जगभर तपासून झालंय. मेक्सिकोत १९९७ मध्ये प्रोग्रेसा सुरू झालं. मुलं शाळेत गेली पाहिजेत, दवाखान्यात तपासणी झाली पाहिजे, या अटीवर पैसे बाईच्या हातात. पटसंख्या वाढली, विशेषतः वरच्या वर्गांतल्या मुलींची. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या काही गावांत २०११ पासून 'सेवा' या महिलांच्या संघटनेने आणि युनिसेफने प्रयोग केला. मोठ्या माणसाला महिन्याला २००, मुलाला १००, पुढे ३०० आणि १५०. अट काहीच नाही. लोकांनी खाण्यावर, औषधावर, शेळ्यांवर, बियाण्यांवर खर्च केला. दारू-तंबाखूवरचा खर्च अशा पैशामुळे वाढतो का, यावरच्या अनेक देशांतल्या अभ्यासांचा जागतिक बँकेच्या संशोधकांनी आढावा घेतला. वाढत नाही, असंच निघालं.

आता मशीनबद्दल. केनियात गिव्हडायरेक्टली या संस्थेच्या पैशांवर अभ्यास झाला. दरमहा थोडे मिळाले तेव्हा घरातलं खाणं सुधारलं. एकरकमी मिळाले तेव्हा लोकांनी मोठ्या, टिकाऊ वस्तू घेतल्या. धागाकर्त्यांच्या ताईला महिन्याच्या पैशातून मोठी वस्तू हवी होती. त्याला दोनच वाटा, भिशी नाहीतर कर्ज. तिने कर्जाची वाट धरली. हिशोब बरोबरच होता, १५०० येणार, १४५० जाणार. फक्त येणाऱ्या पैशाला ठरलेली तारीख नाही आणि जाणाऱ्याला आहे.

करदाता_क्र_१
मेक्सिको आणि केनिया राहू द्या. इथे निवडणुकीच्या तोंडावर योजना आणली, प्रचारात २१०० चं आश्वासन दिलं. याला कल्याण म्हणायचं का?

आकडेवेडा
योजना का आणली हा वेगळा प्रश्न, घरात काय बदललं हा वेगळा. पहिल्यावर आपलं एकमत होईलही. नवा धागा काढा.

टपरीवरचा_अर्थतज्ज्ञ
कर्ज नकोच होतं. पोस्टात आरडी. दरमहा १५००, पाच वर्षं. भरणा ९०,०००, ६.७ टक्के व्याज धरलं तर हातात साधारण १ लाख ७ हजार. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या. वर्षाला २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. बहिणीने भाचीचं काढलंय.

गोधडी
आणि पाच वर्षं ब्लाउज दुसऱ्याच्या मशीनवर शिवायचे?

मी गट चालवते, अकरा जणी. पूर्वी बैठकीत बायका पदराच्या गाठीतून दहा-वीसच्या घड्या घातलेल्या नोटा काढायच्या, मोजताना एकमेकींना चिकटलेल्या असायच्या. आता पाचशेची नोट ठेवतात आणि सुटे परत मागतात. एकीने पहिल्या हप्त्याचा मेसेज अजून पुसला नाही, फोनची मेमरी भरली तरी. मोठं काही झालं असं नाही. पण दवाखान्यात जायचं तर आधी घरात विचारायच्या, आता जाऊन येऊन सांगतात. दुसरी बाजूही लिहिते. हे पैसे सुरू झाल्यावर आमच्याकडे छोटी कर्जं देणाऱ्यांच्या गाड्या जास्त फिरायला लागल्या. "दर महिन्याला येतायत ना, मग घाबरता कशाला?" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय.

निवृत्त_रोखपाल
विषयावर या. बँकेतल्या मॅडम खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच बोलतात. खात्याला आधार 'लिंक' असणं म्हणजे केवायसीला आधार जोडलेला असणं. सरकारी पैसा त्यावर येत नाही. एनपीसीआय म्हणून बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था आहे, तिच्याकडे एक नोंद असते, या आधारचा पैसा या बँकेत. तिलाच सीडिंग म्हणतात. एका आधारला एका वेळी एकच बँक. ज्या बँकेने शेवटची नोंद पाठवली ती धरली जाते, जुनी आपोआप सुटते. माणसाला वाटतं पैसे बंद झाले. ते बंद नसतात, दुसरीकडे पडत असतात.

ताईंना सांगा, माय आधारच्या साइटवर आधार नंबर टाकून ओटीपीने लॉगिन करा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव दिसेल. ते इथे लिहू नका. बार्शीतल्या बँकेचं आहे की नाही, एवढंच सांगा.

पिको_फॉल
मशीन कोणती घेतली? साधी पायमशीन असेल तर १४५० हप्ता जास्त वाटतो. पिकोसाठी झिगझॅग लागते. मी सुरुवातीला दोन्ही एकातच होईल म्हणून घेतली आणि पस्तावले, जाड कापडावर टाका सुटायचा. सुई १४ नंबरची वापरा.

चाकणची_सेकंड_शिफ्ट
ब्रेकमध्ये ताईला फोन करून स्टेटस बघितलं. बार्शीची बँक नाही. दुसऱ्याच एका पेमेंट बँकेचं नाव आहे. ताई आधी म्हणाली असलं खातं मी काढलंच नाही. मग आठवलं, दाजींबरोबर नवीन सिम घ्यायला गेली होती, तिथे दुकानदाराने मशीनवर दोनदा अंगठा ठेवायला लावला. एक सिमला आणि एक कशाला ते विचारलं नाही. आता ते खातं बघायचं तर त्याला दाजींचा मोबाईल जोडलेला आहे.

निवृत्त_रोखपाल
हेच वाटलं होतं. मोबाईल कुणाचाही असो, आधार जोडलेल्या खात्यातले पैसे तिच्या अंगठ्यावर निघतात. गावात ज्याच्याकडे अंगठ्याचं मशीन असेल तिथे जायचं, आधी शिल्लक तपासायची आणि मिनी स्टेटमेंट काढायचं. छापील पावती घ्यायचीच. तो म्हणेल कागद संपलाय, तर दुसऱ्याकडे जा. मग बार्शीच्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरा. त्यात 'आधी दुसऱ्या बँकेत असलेलं डीबीटी (थेट खात्यात येणारा सरकारी पैसा) या खात्यावर घ्या' अशा अर्थाचा पर्याय असतो, त्यावर खूण करा आणि पोच घ्या. नुसतं 'आधार लिंक करा' म्हटलं की तुम्हाला परत तेच उत्तर मिळेल.

गोधडी
मिनी स्टेटमेंटमध्ये पैसे काढलेले दिसले, तर कुणी काढले ते चारचौघांत विचारू नका. आधी ताईशी एकटीशी बोला. आमच्या गटात असंच निघालं होतं. भावाने फोनवरच आरडाओरडा केला, नंतर तो कामावर गेला आणि राहायचं तिलाच होतं.

करदाता_क्र_१
म्हणजे शेवटी नवऱ्यानेच उडवले. मी काय म्हणत होतो!

गोधडी
असं कुणीच म्हटलेलं नाही. स्टेटमेंट अजून आलेलं नाही.

निवांत_बसलो
पॉपकॉर्न संपले. नवीन घेऊन येतो.

आकडेवेडा
बाऊन्सबद्दल कुणीच बोललं नाही. बँकेचा दंड वेगळा, फायनान्सवाल्याचा वेगळा. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२४ पासून हा दंड वाढीव व्याज म्हणून लावता येत नाही, तो दंड म्हणूनच दाखवायचा आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. त्यांच्याकडून खात्याचा उतारा लेखी मागा. हप्त्याची तारीख पाचऐवजी वीस करता येईल का तेही विचारा, ऑटो डेबिटची मंजुरी नव्याने द्यावी लागेल. आणि जमेल तेव्हा एक हप्ता खात्यात शिल्लक ठेवा.

चाकणची_सेकंड_शिफ्ट
एक हप्ता शिल्लक ठेवायला ठेवला असता तर धागा कशाला काढला असता. असो. रागावून नाही लिहिलं.

अपडेट. ताई आज शेजारच्या गावात जाऊन अंगठ्यावर बघून आली. पैसे दोन्ही महिन्यांचे आले होते. ३००० पैकी खात्यात १५०० आहेत. उरलेल्यांचं मी इथे लिहीत नाही. गोधडीताई, तुमचं ऐकलं, फोनवर गप्प बसलो. ताई एवढंच म्हणाली, आता नवीन सिम माझ्या नावावर घेते आणि तुझ्या पैशातून घेते. शुक्रवारी बँकेत फॉर्म देणार आहे. आहेत त्या १५०० मधून एक हप्ता रोख भरला, पावती घेतली. पोरगा म्हणाला दंडाचं ऑफिसला विचारा. तो माफ होतो का, की भरावाच लागतो?

निवृत्त_रोखपाल
लेखी अर्ज करा. कारण आणि स्टेटमेंटची झेरॉक्स जोडा. मिळेलच असं नाही, पण तोंडी विचारलं तर नाहीच मिळणार. सीडिंग बदलल्यावर दोन-चार दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा.

पाटाचं_पाणी
आमचं पीएम किसानचं अजून तसंच आहे. कुणी बघाल का?

पिको_फॉल
मशीन कोणती ते सांगितलंच नाहीत.

चाकणची_सेकंड_शिफ्ट
ताईला विचारलं. झिगझॅगच आहे. जाड कापडावर टाका सुटतो म्हणते. सुई किती नंबरची म्हणालात?