जर्मनीत मोटार चालवताना आपल्या कोणत्या सवयी आडव्या येतात?

मांजराकाठ (वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. वाळूज एमआयडीसीतील ज्या कारखान्यात मी काम करतो, त्याच्या वतीने मला येत्या ऑक्टोबरपासून दोन वर्षांसाठी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका गावी पाठवण्यात येणार आहे. पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी सोबत येणार असून, कामाचे ठिकाण वस्तीपासून लांब असल्यामुळे मोटारीवाचून गत्यंतर नाही, असे तेथील सहकाऱ्यांनी कळवले आहे. मी चौदा वर्षे गाडी चालवतो. मूळ गाव लातूर जिल्ह्यात असल्याने अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड हा रस्ता पायाखालचा आहे, आणि ऊसतोडीच्या हंगामात मागे एकही दिवा नसलेल्या जोडट्रॉल्यांच्या मागून रात्री गाडी काढण्याचाही सराव आहे. वडिलांचे म्हणणे असे, की ज्याने गाळपाच्या हंगामात रात्री केजचा रस्ता काढला, त्याला जर्मनीत काय अवघड जाणार? मला मात्र तेवढी खात्री वाटत नाही.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणे किती दिवसांत अंगवळणी पडते, आणि भारतीय परवान्यावर तेथे किती काळ गाडी चालवता येते, या माझ्या दोन शंका आहेत. त्याखेरीज, तेथे राहिलेल्या मंडळींना आपली कोणती सवय मोडताना सर्वाधिक त्रास झाला, हे कळले तर उपकार होतील.

दुधनाकाठी (न्युर्नबर्ग, मूळ परतूर, जि. जालना)

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. आपल्याकडे रात्रीची गाडी चालवणाऱ्याची नजर तयार झालेली असते आणि ती तेथे उपयोगी पडते. पण ती नजर ज्या अंदाजांवर चालते, ते अंदाज तेथे चुकतात.

उजव्या बाजूची भीती आठवडाभरात जाते. चालक म्हणून आपण नेहमी रस्त्याच्या मध्याकडे असायला हवे, एवढी एकच खूण मनात धरावी. पुढे गाडी असली की चूक होत नाही. ती होते पहाटे रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून किंवा एखाद्या दुकानाच्या आवारातून बाहेर पडताना, जेव्हा अनुकरण करायला कोणीच नसते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तेथे ती डाव्या हाताला असते. त्यामुळे पहिले काही दिवस वळताना काचेवर वायपर फिरू लागला तर ओशाळू नये.

खरी अडचण हक्काची आहे. आपल्याकडे चौकात आधी कोण जाणार हे त्या क्षणी ठरते: नजरानजर होते, एखादा डिपर मारला जातो, हॉर्न वाजतो, आणि ज्याची गाडी मोठी किंवा ज्याची घाई मोठी तो पुढे जातो. तेथे हे आधीच ठरलेले असते. ज्या चौकात कोणतीही पाटी किंवा सिग्नल नाही, तेथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही अरुंद गल्लीतून का येईना. निवासी भागातील ताशी ३० किलोमीटरच्या टापूत बहुतेक चौक असेच असतात. तुम्ही रुंद आणि सरळ रस्त्यावर असलात, तरी उजवीकडच्या बोळातून येणारा माणूस तुमच्याकडे न पाहता बाहेर येईल, कारण तुम्ही थांबणार हे त्याने गृहीत धरलेले असते. उलट पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकाराची पिवळी पाटी असलेल्या रस्त्यावर हक्क तुमचा, आणि तेथे तो घेतलाच पाहिजे. पहिल्या महिन्यात अशाच रस्त्यावर बाजूने आलेल्या एका वृद्ध गृहस्थांना वाट द्यावी म्हणून मी सौजन्याने थांबलो. ते तर आले नाहीतच, पण माझ्या मागच्या गाडीने जोराने ब्रेक लावला आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. आपल्याकडे ज्याला समजूतदारपणा म्हणतात, तो तेथे मागच्याच्या जिवावर बेतू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

डिपरचा अर्थही उलटा होतो. आपल्याकडे समोरून डिपर आला की ‘मी येतोय, तू थांब’. तेथे चौकात समोरच्याने दिवा मिचकावला तर बहुधा ‘तुम्ही आधी जा’ असे तो सांगत असतो. हॉर्न शहरात केवळ धोक्याच्या वेळी वाजवायचा. सिग्नलचे दिवे चौकाच्या अलीकडेच असतात, त्यामुळे थांबरेषेच्या पुढे सरकून उभे राहिले तर दिवा दिसतच नाही. आपल्या पुढे-पुढे सरकण्याच्या सवयीवर याहून चांगला उपाय मी पाहिलेला नाही.

आउटोबानविषयी (तेथील द्रुतगती महामार्गांविषयी) आपल्याकडे ‘वेगाला मर्यादाच नाही’ एवढेच ऐकलेले असते. तिच्या बऱ्याच मोठ्या भागावर मर्यादेच्या पाट्या आहेत. जेथे त्या नाहीत, तेथेही मोटारींसाठी ताशी १३० किलोमीटर हा शिफारस केलेला वेग आहे. समृद्धी महामार्गावर १२० ने जाण्याची सवय असेल, तर हा वेग नवा वाटणार नाही. नवी गोष्ट म्हणजे मागून २०० ने येणारी गाडी, जी आरशात ठिपका असते आणि तुम्ही लेन बदलेपर्यंत मागे येऊन ठेपलेली असते. ओलांडायचे ते केवळ डावीकडून, आणि ओलांडून झाले की लगेच उजवीकडे परत यायचे. आपल्याकडे चौपदरी रस्त्याच्या आतल्या लेनमध्ये ट्रक निवांत चालतो आणि आपण त्याला बाहेरून ओलांडतो. तेथे अशा प्रकारे उजवीकडून ओलांडले तर १०० युरो दंड होतो आणि चालकाच्या नोंदवहीत दंडाचा एक गुण लागतो. हे गुण केंद्रीय पातळीवर फ्लेन्सबुर्ग येथे नोंदले जातात, आणि आठ झाले की परवाना जातो.

आणखी एक गोष्ट जाण्यापूर्वीच पाठ करून ठेवा. वाहतूक तुंबून गाड्या पायी चालण्याच्या गतीवर आल्या, की सर्वांत डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे आणि उरलेल्या सर्वांनी उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवायची असते. सायरन ऐकू येण्याची वाट पाहायची नसते. ही वाट न ठेवणाऱ्याला किमान २०० युरो, दोन गुण आणि महिनाभर वाहनबंदी. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा, पुढे काही अपघात झाला आहे हेही ठाऊक नसताना, शेकडो गाड्या एकामागून एक दुभंगत गेल्या. (पंढरीच्या वाटेवर दिंडीतून रुग्णवाहिकेला वाट देणारे वारकरी मला त्या वेळी आठवले, तेव्हा हे आपल्याला अगदीच अपरिचित आहे असेही नाही.)

सिंदफणा

परवान्यापुरते सांगतो. तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय परवाना सहा महिने चालतो, आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत जर्मन भाषांतर असावे लागते. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओकडून निघण्यापूर्वीच काढून घ्यावा. आपण दोन वर्षे राहणार असल्याने जर्मन परवाना घ्यावाच लागेल, आणि भारतीय परवानाधारकाला लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. सक्तीचे तास नसतात, तरी प्रत्यक्ष परीक्षेला प्रशिक्षक सोबत लागतोच. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग आधी उरकावा. सहाव्या महिन्यात धावपळ करणारे अनेक जण मी पाहिले आहेत. पहिल्याच महिन्यात अर्ज करा.

पैठणची लेक (पूर्वी म्युनिक, आता छत्रपती संभाजीनगर)

मी प्रत्यक्ष परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले ते एकाच कारणाने: उजवीकडे वळताना खांद्यावरून मागे वळून पाहिले नाही. आरसा पाहिला होता, पण तेवढे पुरत नाही. उजव्या कडेने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराचा हक्क वळणाऱ्या मोटारीच्या आधीचा असतो, आणि तो नेमका आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात असतो. सायकलला ओलांडताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर ठेवावे लागते. जागा नसेल तर मुकाट्याने सायकलच्या मागे चालायचे.

मुलीसाठी आसन घ्यावेच लागेल. बारा वर्षे पूर्ण होईपर्यंत किंवा उंची १५० सेंटिमीटर होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, ते सक्तीचे आहे. मांडीवर घेऊन बसणे हा प्रकार विसरावा लागतो, आणि आजी-आजोबा भेटीला येतात तेव्हा त्यांना हे समजावणे परीक्षेपेक्षा कठीण जाते.

परत आल्यावरचा अनुभवही सांगते. जालना रस्त्यावर झेब्रा पट्ट्यांपाशी उभ्या असलेल्या बाईंसाठी मी थांबले, तर त्या गोंधळून मागे सरकल्या आणि मागून तीन हॉर्न वाजले.

जुना मोटारप्रशिक्षक (नांदेड)

वरील सर्व वाचून ‘ती माणसेच शिस्तीची’ असा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून लिहितो. १९७० साली दोन्ही जर्मनी मिळून रस्त्यांवर २१ हजारांहून अधिक माणसे मेली. आता एकत्रित जर्मनीत हा आकडा वर्षाला सुमारे २,८०० आहे, आणि २०२२ मध्ये एकट्या महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक मृत्यू झाले. मधल्या काळात पश्चिम जर्मनीने १९७२ मध्ये वस्तीबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ताशी १०० ची मर्यादा आणली, १९७३ मध्ये चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा कमी केली आणि १९७६ मध्ये पुढच्या आसनांवर पट्टा सक्तीचा केला. पट्ट्याची सक्ती आली तेव्हा दंड नव्हता, आणि पुष्कळ जर्मन पट्टा लावत नव्हते. १९८४ मध्ये ४० मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) दंड सुरू झाला तेव्हा बहुतेकांनी लावला. माझ्याकडे शिकायला येणारी मुले पोलीस दिसला की पट्टा ओढतात, तेव्हा मला हे ४० मार्क आठवतात.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आंतरराष्ट्रीय परवान्याची चौकशी उद्याच करतो. खांद्यावरून मागे पाहण्याचा सराव आजच नगर नाक्याजवळ केला. शेजारी बसलेल्या पत्नीने ‘कोणी ओळखीचे दिसले का?’ असे विचारले. ऑक्टोबरमध्ये पोहोचल्यावर जुनी गाडी घ्यायचा विचार आहे. ती घेताना मुद्दाम काय पाहावे?

दुधनाकाठी

टायर. बर्फ किंवा निसरड्या गोठणीच्या स्थितीत हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यावर डोंगर व हिमकण यांचे चिन्ह असावेच लागते. केवळ ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे असलेले जुने टायर आता चालत नाहीत. विकणारा स्वस्तात देतो ते पुष्कळदा हेच असतात. डिकीत धोक्याचा त्रिकोण, चमकणारे जाकीट आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का, तेही तेव्हाच उघडून पाहा.